मानेच्या मणक्यांचे एम.आर.आय. चित्रण

मानेच्या मणक्यांचे एम.आर.आय. चित्रण ही मानेतील मणके, त्यांमधील चकत्या, मज्जारज्जू व चेतामुळे यांची रचना दाखवणारी वैद्यकीय चाचणी आहे. तीत शक्तिशाली चुंबकीय क्षेत्र व रेडिओ लहरी वापरतात. क्ष-किरण वापरले जात नाहीत. पुणे शहरात ससून सर्वोपचार रुग्णालयासह अनेक रुग्णालयांत व खासगी निदान केंद्रांत ही चाचणी होते.

प्रतिमांचे वाचन

मानेत ७ मणके (सी१ ते सी७) आणि चेतामुळांच्या ८ जोड्या असतात. टी१ प्रतिमेत चरबी उजळ व मज्जाद्रव काळसर दिसतो. टी२ प्रतिमेत मज्जाद्रव पांढरा दिसतो. पाण्याचा अंश घटलेली चकती टी२ प्रतिमेत काळवंडते. उभ्या छेदात मणक्यांची रांग व मज्जारज्जू, तर आडव्या छेदात चेतामुळांच्या वाटा तपासतात.

अहवालातील संज्ञा

पुण्यातील अहवाल सामान्यतः इंग्रजीत असतात. चकतीचा कडेबाहेर आलेला रुंद फुगवटा म्हणजे 'बल्ज'. रुंद बुडाचा मर्यादित उंचवटा 'प्रोट्रूजन', तर अरुंद बुडातून बाहेर आलेला भाग 'एक्स्ट्रूजन' होय. सुटून वेगळ्या झालेल्या तुकड्यास 'सीक्वेस्ट्रेशन' म्हणतात. सी५-सी६ येथील चकतीने बहुधा सहावे चेतामूळ दाबले जाते व वेदना अंगठ्याकडे जाते. सी६-सी७ येथे सातवे चेतामूळ दाबल्यास ती मधल्या बोटाकडे जाते.

निष्कर्षांचे महत्त्व

प्रतिमेतील प्रत्येक बदल आजार नसतो. जपानमध्ये लक्षणे नसलेल्या १,२११ व्यक्तींच्या २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ८७.६ टक्के व्यक्तींमध्ये चकतीचा फुगवटा आढळला. मज्जारज्जूवर दाब मात्र ५.३ टक्के व्यक्तींतच होता. त्यामुळे अहवाल लक्षणे व शारीरिक तपासणीशी ताडून पाहिला जातो. केवळ प्रतिमेवरून शस्त्रक्रिया ठरवत नाहीत. याउलट हातांची कामे अवघड होणे, चालताना तोल जाणे किंवा लघवीवरील ताबा सुटणे ही मज्जारज्जूवरील दाबाची लक्षणे असू शकतात. त्यांसाठी तातडीने वैद्यकीय तपासणी आवश्यक असते.

सुरक्षितता

यंत्राचे चुंबक सामान्यतः सतत कार्यरत असते. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईतील एका रुग्णालयात प्राणवायूची टाकी घेऊन एम.आर.आय. कक्षात गेलेल्या रुग्णाच्या नातेवाइकाचा मृत्यू झाला. पेसमेकर, शरीरातील धातूचे तुकडे, रोपणे आणि गर्भधारणा यांची माहिती चाचणीपूर्वी देणे आवश्यक असते.