मरीन ड्राइव्हची रीत

शाळेत असताना आपलं पाणी म्हणजे बोरी नदी, तीही उन्हाळ्यात कोरडी! नोकरीसाठी मुंबईला आले आणि मरीन ड्राइव्हवर फिरायची सवय लागली. ही साधारण साडेतीन किलोमीटरची वाट समुद्रात भराव घालून मिळवलेल्या जमिनीवर आहे. १९२०च्या दशकात या बॅक बे योजनेचा खर्च अंदाजाबाहेर गेला, भरावाचा गाळ वाहून जाऊ लागला. वकील खुर्शेद नरिमन यांनी गैरकारभार चव्हाट्यावर आणला. योजनेवरच्या एका इंग्रज अभियंत्याने त्यांच्यावर अब्रुनुकसानीचा खटला भरला; नरिमन निर्दोष सुटले. वाटेच्या दक्षिण टोकाला आज नरिमन पॉइंट म्हणतात. तिथे पोचले की आपल्या गणिताच्या सरांचा प्रश्न आठवतो, "उत्तर आलं, पण रीत कुठे आहे?" मीही अभियंताच, तो प्रश्न मलाही आहे.