टेबलावर ठेवलेला रामपुरी

सध्या मुक्काम बरेली. गेल्या आठवड्यात एक निवृत्त सुभेदार मला भेटायला ऑफिसात आले. ईएमईचे, ट्रेड आर्मरर. मी कॅप्टन असताना आमच्या युनिटला जोडलेल्या वर्कशॉपमध्ये ते नाईक होते. रायफलचा कुठलाही बिघाड नुसत्या आवाजावरून ओळखणारा माणूस. आता गावी, रामपुरात असतात. बरेलीहून रामपूर साठ-पासष्ट किलोमीटर. मी इथे आल्याचं कळलं म्हणून बसने आले होते.

चहा झाला, जुन्या लोकांची विचारपूस झाली. मग त्यांनी पिशवीतून रुमालात गुंडाळलेली वस्तू काढली आणि माझ्या हातात न देता टेबलावर ठेवली. "साहेब, धारेची चीज आहे. हातात देत नाहीत."

मला हसू आलं. माझी आई साताऱ्याला आयुष्यभर हेच सांगत आली आहे. सुरी-कात्री हातात द्यायची नाही, खाली ठेवायची, समोरच्याने उचलायची. नाहीतर भांडण होतं.

रुमालात रामपुरी चाकू होता.

मराठी माणसाला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. आपल्याकडे नुसतं 'रामपुरी' म्हटलं तरी पुरतं, पुढे चाकू म्हणायची गरज नसते. वर्तमानपत्रात 'रामपुरीचा धाक दाखवून लुटले' ही बातमी वाचत आपण मोठे झालो. बाकीचं शिक्षण सिनेमाने केलं. १९६५ सालच्या 'वक्त'मधला राजकुमार आणि त्याच्या हातातला चाकू आमच्या वडिलांच्या पिढीला अजून आठवतो.

पण हातात धरून नीट पाहायची वेळ पहिल्यांदाच आली. बंद चाकू माझ्या तळहाताहून किंचित मोठा. दोन्ही टोकांना पितळ, मधे काळपट शिंगाची मूठ. पातं चार इंचांचं, टोकाकडे निमुळतं होत गेलेलं. वजन वाटलं त्यापेक्षा जास्त. सिनेमात खटका दाबताच पातं उसळून बाहेर येतं, तो प्रकार वेगळा. हा हाताने उघडायचा. पात्याच्या बुडाशी करवतीसारखे दाते कापलेले आहेत आणि मुठीच्या पाठीवर पोलादी कमान आहे. पातं फिरवताना एकेक दाता कमानीखालून सरकतो आणि कट, कट, कट, कट असा आवाज येतो. शेवटच्या दात्यावर पातं घट्ट बसतं. मिटायचं तर खटका दाबून कमान उचलावी लागते. स्पेनमधल्या 'नवाहा' नावाच्या जुन्या चाकवांतही अशीच रचना असते.

दोषही सांगतो. पातं मिटल्यावर बरोबर मधोमध बसत नाही, केसभर डावीकडे झुकतं. घासल्याच्या रेघा स्पष्ट दिसतात. एका बाजूचं पितळ दुसऱ्यापेक्षा थोडं जाड आहे. पण उघडल्यावर पातं तसूभरही हलत नाही. मी हलवून पाहत होतो तेव्हा सुभेदारसाहेब माझ्या बोटांकडे पाहत होते, रायफल तपासायला देऊन समोर उभे राहायचे तसे.

"कुणी बनवला?"

"मीच, साहेब. वडिलांच्या हत्यारांनी."

त्यांचे वडील आणि आजोबा चाकूचे कारागीर होते, हे मला इतक्या वर्षांत ठाऊक नव्हतं. ठाऊक नव्हतं कारण मी विचारलंच नव्हतं. त्याऐवजी दुसरंच काही बोललो होतो. ते सांगण्याआधी थोडा इतिहास सांगायला हवा, कारण रामपूरच्या जन्माशी आपल्या लोकांचा संबंध आहे.

रोहिले म्हटलं की मराठी मनात पहिलं नाव येतं नजीबखानाचं, आणि त्याच्यामागे १४ जानेवारी १७६१, पानिपत. आपलं शाळेतलं पुस्तक रोहिल्यांना तिथेच सोडून देतं. पण पुढे थोरल्या माधवरावांच्या काळात मराठी फौजा पुन्हा उत्तरेत आल्या. नजीबखान १७७० मध्ये वारला होता. १७७२ मध्ये आपल्या फौजांनी गंगा ओलांडून रोहिलखंडात धडक मारली आणि नजीबच्या मुलाचा, झाबेतखानाचा पथ्थरगड घेतला. पानिपताचं उट्टं निघालं, असंच तेव्हा सर्वांना वाटलं.

घाबरलेल्या रोहिल्यांनी अवधचा नबाब शुजाउद्दौला याच्याशी करार केला. त्याने मराठ्यांना घालवून द्यावं, रोहिल्यांनी त्याला ४० लाख रुपये द्यावेत. त्याच वर्षी नोव्हेंबरात माधवराव थेऊरला गेले आणि पुण्याचं चित्र पालटलं. १७७३ मध्ये आपल्या फौजा माघारी वळल्या. शुजाने पैसे मागितले. रोहिल्यांचा सरदार हाफिज रहमतखान देईना. तेव्हा शुजाने त्याच ४० लाखांच्या बोलीवर वॉरन हेस्टिंग्जकडून कंपनीची पलटण भाड्याने घेतली. २३ एप्रिल १७७४ रोजी मीरानपूर कटरा इथे लढाई झाली आणि हाफिज रहमतखान मारला गेला. त्याची कबर इथे बरेलीतच आहे. भाड्याच्या पलटणीचं हे प्रकरण पुढे हेस्टिंग्जवर विलायतेत झालेल्या आरोपांतही आलं.

उरलेले रोहिले फैजुल्लाखानाबरोबर तराईच्या जंगलाकडे, लालढांगला सरकले. ऑक्टोबर १७७४ मध्ये तह झाला. फैजुल्लाखानाला एक लहान मुलूख मिळाला, तेच रामपूर संस्थान. अट अशी की त्याने ५००० हून जास्त सैनिक ठेवायचे नाहीत.

म्हणजे आपण गंगा ओलांडली नसती, तर कदाचित ते ४० लाख नसते, ती लढाई नसती आणि रामपूरही नसतं. आपण निघून गेलो आणि विसरलो. इथल्या लोकांनी त्या अटीत संसार थाटला.

आणि चांगला थाटला. आज रझा लायब्ररी म्हणून ओळखला जाणारा हस्तलिखितांचा संग्रह फैजुल्लाखानापासूनचा. रामपूरच्या दरबाराने गाणं इतकं जपलं की पंडित भातखंडे जुन्या चिजांच्या शोधात तिथे पोहोचले, आणि तरुणपणी भीमसेन जोशीही शिकायला तिथे राहिले. रामपूरचं हे देणं मराठी घरांत रेडिओवरून रोज ऐकू यायचं, पण ते रामपूरचं आहे हे कुणी सांगितलं नाही. आपल्याला रामपूर कळलं ते फक्त चाकूने.

चाकूचं म्हणाल, तर सुभेदारसाहेबांच्या घरात सांगतात की नबाबाच्या शस्त्रशाळेत काम करणारे हात तलवारीची मागणी सरल्यावर चाकूकडे वळले. पुढे सिनेमाने नाव केलं आणि त्याच नावाने घातही केला. गुन्ह्यांत वापर वाढला म्हणून उत्तर प्रदेशात साडेचार इंचांहून लांब पात्यावर बंदी आली. त्यात स्वस्त चिनी चाकू बाजारात आले. एकेक करून भट्ट्या थंडावल्या. २०२३ मध्ये रामपुरात एका चौकात वीस फुटांचा चाकू उभारला गेला. लोक तिथे फोटो काढतात. आधी फौजेला ५००० ची मर्यादा, नंतर पात्याला साडेचार इंचांची. बंदी चुकीची होती असं मी म्हणणार नाही. पण मार कुणाला बसला, हेही पाहिलं पाहिजे. चाकू चालवणाऱ्याने दुसरं हत्यार शोधलं, बनवणाऱ्याला दुसरा धंदा मिळाला नाही. सुभेदारसाहेबांचा मुलगा आज मोबाईल दुरुस्त करतो.

आता माझी गोष्ट. वीसेक वर्षांपूर्वी हे नाईक आमच्याकडे नवीन आले, तेव्हा ओळख करून देताना त्यांनी गाव सांगितलं. मी सगळ्यांसमोर म्हणालो, "रामपूर? मग जरा जपून राहायला हवं, खिशात चाकू असेल!" सगळे हसले. तेही हसले. पुढे युनिटमध्ये त्यांना 'रामपुरी' हेच नाव पडलं. ते मी पाडलं होतं.

चाकू मिटून मी टेबलावर ठेवला आणि ती आठवण काढली. म्हटलं, "साहेब, तेव्हा मी चुकलो होतो."

ते शांतपणे म्हणाले, "आठवतं ना, साहेब. तुम्ही कॅप्टन होता, मी नाईक. न हसून काय करणार होतो?" मग चाकवाकडे बोट दाखवून म्हणाले, "तेव्हा खिशात नव्हता. आता तुमच्या खिशात असू द्या."

त्या वाक्यात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं, असं मला नंतर वाटलं.

या ब्लॉगचे बरेच वाचक फौजी आहेत, म्हणून हे लिहिलं. आपल्या हाताखाली देशभरातले जवान येतात. गावाचं नाव ऐकताच तोंडात येणारा पहिला विनोद गिळावा आणि घरी काय काम चालतं ते विचारावं. मला हे विचारायला वीस वर्षं लागली.

चाकू आता रोजच्या वापरात आहे. पेरू, सुतळी, टपालाची पाकिटं. बिजागरीत आठवड्याला एक थेंब तेल घालायचं, अशी सुभेदारसाहेबांची ताकीद आहे. आईला फोटो पाठवला, तर तिचा फोन आला. कुणी दिला, कुठला, हे काही नाही. पहिला प्रश्न, "हातात नाही ना घेतलास?"

"नाही," म्हटलं, "टेबलावरून उचलला."