एकेक आधार दूर सारणारा विनोदवीर : टोनी हॅनकॉक (१९२४–१९६८)

१/ १९५०च्या दशकात टोनी हॅनकॉक हा ब्रिटनमधील सर्वांत लोकप्रिय विनोदी अभिनेत्यांपैकी एक होता. १९६८मध्ये, वयाच्या ४४व्या वर्षी, सिडनीत त्याने आयुष्य संपवले. ही कथा बहुधा ‘जगाला हसवणारा आतून रडत होता’ या साच्यात सांगितली जाते. तो साचा किती पुरेसा आहे, हे तपासणारा हा थ्रेड.

२/ जन्म बर्मिंगहॅमचा, बालपण बोर्नमथ या समुद्रकाठच्या शहरातले. आईवडील तेथे हॉटेल चालवीत. महायुद्धात तो हवाई दलात दाखल झाला आणि सैनिकांच्या करमणूक पथकांत रमला. १९४८मध्ये लंडनच्या विंडमिल थिएटरात त्याला काम मिळाले. तेथील प्रेक्षक विवस्त्र नर्तकींसाठी येत. विनोदवीराने मधला वेळ भरून काढायचा. उमेदवारी म्हणतात ती हीच.

३/ १९५१मध्ये बीबीसीच्या ‘एज्युकेटिंग आर्ची’ या नभोनाट्यात तो एका शब्दभ्रमकाराच्या बाहुल्याचा शिक्षक झाला आणि घरोघरी पोहोचला. त्या काळच्या नभोवाणीवरील विनोदाचा ठरलेला साचा होता : सुटी प्रहसने, मध्ये गाणी, आणि दर आठवड्याला तेच पालुपद. पालुपद आले की श्रोते हसत.

४/ हा साचा मोडण्यात दोन तरुण लेखकांचा मोठा वाटा होता : रे गाल्टन आणि ॲलन सिम्प्सन. दोघांची ओळख सरे परगण्यातील मिलफर्डच्या क्षयरोग आरोग्यधामात झाली. अंथरुणाला खिळलेल्या या मुलांनी तेथेच रुग्णांसाठी विनोदी कार्यक्रम लिहायला सुरुवात केली होती.

५/ २ नोव्हेंबर १९५४. ‘हॅनकॉक्स हाफ आवर’चा पहिला भाग. अर्धा तास, एकच सलग कथा, मध्ये गाणे नाही. नायकाचे नावही हॅनकॉक. पत्ता : २३, रेल्वे कटिंग्ज, ईस्ट चीम. स्वतःला विद्वान समजणारा, मोठ्या थाटात बोलणारा आणि प्रत्येक भागात तोंडघशी पडणारा हा गृहस्थ. युद्धकाळापासूनचे रेशनिंग त्याच वर्षी पूर्णपणे संपले होते. ऐपतीपेक्षा वरच्या पायरीकडे डोळे लावून बसलेल्या निम्न-मध्यमवर्गाला या माणसात स्वतःचा चेहरा दिसला.

६/ १९५८मधील एक भाग पाहू. पावसाळी रविवार, दुपारची वेळ, घरात चौघे कंटाळलेले. घडत काहीच नाही. उसासे, जांभया आणि दीर्घ शांतता. नभोवाणीवर शांतता म्हणजे बिघाड असे मानण्याच्या काळात या मंडळींनी शांततेतून हशा काढला. ते साधले हॅनकॉकच्या अचूक कालभानामुळे.

७/ १९५६पासून मालिका दूरचित्रवाणीवरही आली. सुजलेले डोळे, पडलेले गाल, क्षणात फुगणारा आणि क्षणात मावळणारा अहंकार : लेखकांना आता वाक्याऐवजी चेहरा वापरता येऊ लागला.

८/ येथून कथेचा मुख्य धागा सुरू होतो. हॅनकॉकला विनोद अधिकाधिक खरा हवा होता. म्हणून पालुपदे गेली. केनेथ विल्यम्सचे गमतीदार आवाज गेले. १९६०नंतर, इतकी वर्षे साथ देणारा सिड जेम्सही गेला; आपली जोडगोळी म्हणून ओळख पक्की होईल, ही हॅनकॉकची धास्ती होती.

९/ आणि प्रत्येक वजाबाकीनंतर काम सुधारत गेले, हे विसरता कामा नये. १९६१च्या मालिकेतील एका भागात भाड्याच्या खोलीत तो एकटाच आहे. संपूर्ण भाग त्याने एकट्याने पेलला. त्याच वर्षी पॅरिसला पळालेल्या कारकून-चित्रकाराची कथा सांगणारा ‘द रिबेल’ हा चित्रपटही ब्रिटनमध्ये चालला.

१०/ त्याच मालिकेतील रक्तदानाचा भाग (२३ जून १९६१) आजही सर्वाधिक आठवला जातो. चित्रीकरणापूर्वी मोटार अपघातात त्याला मार बसला होता. पाठांतर जमेना, म्हणून संवाद पडद्यावर लावावे लागले. नीट पाहिले तर त्याची नजर समोरच्या पात्राच्या पलीकडे जाताना दिसते. पुढे ती तात्पुरती सोय त्याची सवय झाली.

११/ त्याच वर्षाच्या अखेरीस त्याने गाल्टन आणि सिम्प्सन यांनाही दूर केले. पुढील चित्रपटासाठी त्यांनी मांडलेल्या कथा त्याला पटल्या नव्हत्या. त्याला जगभर पोहोचायचे होते. त्यांचा विनोद त्याला फार इंग्रजी वाटू लागला होता.

१२/ लेखकांचे पुढे काय झाले? जानेवारी १९६२मध्ये त्यांनी भंगारवाल्या बापलेकाची एक कथा सादर केली. तिच्यातून ‘स्टेप्टो अँड सन’ ही मालिका उभी राहिली. ती १९७४पर्यंत चालली आणि तिची अमेरिकी आवृत्तीही निघाली. त्यात प्रमुख भूमिकांसाठी त्यांनी मुद्दाम विनोदवीर न घेता अभिनेते घेतले.

१३/ हॅनकॉकचे? फिलिप ओक्ससह त्याने स्वतः लिहिलेला ‘द पंच अँड जुडी मॅन’ (१९६३) प्रेक्षकांनी नाकारला. त्याच वर्षीची नवी मालिका फिकी पडली. मद्यपान वाढले, दोन विवाह मोडले, चित्रपटांत दुय्यम भूमिका उरल्या. १९६८मध्ये १३ भागांच्या मालिकेसाठी तो ऑस्ट्रेलियात गेला. तीन भाग पूर्ण झाले. २५ जून रोजी तो गेला.

१४/ मग ऱ्हासाचे कारण मद्य? अंशतः, निश्चितच. परंतु कालक्रम पाहा : उत्तम कामाच्या वर्षांतही तो पीतच होता. १९६१पूर्वी आणि नंतर जो ठळक फरक पडला, तो लेखकांचा. ‘दुःखी विदूषक’ या साच्यात यशही एकट्याचे ठरते आणि अपयशही. कागदावर तो माणूस घडवणारे दोघे मात्र श्रेयनामावलीत राहून जातात.

१५/ तरी त्याला मूर्ख ठरवणेही अन्यायाचे होईल. ज्या हट्टाने त्याने विनोदातील खोटेपणा सोलून काढला, त्याच हट्टाने त्याला लेखकांपासून तोडले. आठ वर्षे योग्य ठरलेला नियम नवव्या वर्षी चुकेल, हे आतून कसे कळावे? इतिहास लिहिणाऱ्याला शेवट ठाऊक असतो, जगणाऱ्याला नसतो.

१६/ बीबीसीने जपून न ठेवल्याने सुरुवातीचे अनेक दूरचित्रवाणी भाग आज उपलब्ध नाहीत. नभोवाणीचे बरेच भाग मात्र टिकले आहेत. सुरुवात करायची असेल तर त्या पावसाळी रविवारापासून करा. आणि शेवटी लेखकांची नावे येतील, तेव्हा तीही ऐका.