आसऱ्याची दोन कुळे

कृष्णाकाठच्या गावांत जुन्या विहिरीशी शेंदूर लावलेले सात दगड मांडलेले दिसतात. त्या साती आसरा. बायका त्यांना हळदकुंकू वाहतात, ओटी भरतात आणि पोरींना बजावतातही, की भर दुपारी एकटीनं तिकडं फिरकू नको, आसरा धरतात. हा शब्द अप्सरेच्या कुळातला. अडचणीत सापडलेला माणूस मागतो तो आसरा वेगळा, तो आला संस्कृतातल्या ‘आश्रया’वरून. दोन अनोळखी कुळं मराठीत एका रूपाला येऊन मिळाली. राखणं आणि धरणं हे दोन्ही या एका शब्दात नांदतं, आणि पळून आलेल्या माणसाची गोष्टही याच दोन क्रियापदांभोवती फिरते.

देवाच्या दारातला आसरा ही जगातली फार जुनी रीत आहे. ग्रीक लोक अशा जागेला ‘असिलॉन’ म्हणत, म्हणजे जिथून कुणाला ओढून नेता येत नाही ती जागा. ज्यूंच्या धर्मग्रंथात जॉर्डन नदीच्या दोन्ही तीरांवर तीन-तीन अशी सहा आसऱ्याची नगरं सांगितली आहेत. पण ती हातून चुकून खून झालेल्यासाठी होती. ठरवून जीव घेणाऱ्याला वेदीपासूनही ओढून न्यावं, अशी तिथं स्पष्ट आज्ञा आहे. रीत जन्मली तेव्हाच तिच्यासोबत चौकशीही जन्मली होती.

इंग्लंडनं चर्चमधला हा आसरा सतराव्या शतकात, पहिल्या जेम्स राजाच्या काळात कायद्यानं मोडीत काढला. त्याच इंग्रजांनी १८६० साली हिंदुस्थानासाठी दंडसंहिता संमत केली. तिच्या २१२ व्या कलमानं अपराध्याला आसरा देणं हाच अपराध ठरवला. सूट मिळाली ती फक्त नवऱ्याला किंवा बायकोला. देऊळ, मठ, दर्गा, चर्च यांना कसलीही सवलत नव्हती. पुढं १९४२ च्या दुरुस्तीनं आसरा म्हणजे काय याची यादीच दिली: निवारा, अन्न, पाणी, पैसा, कपडे, हत्यारं, वाहन.

त्याच १९४२ साली ‘छोडो भारत’ चळवळीत सातारा जिल्ह्यात ही यादी घरोघर मोडली जाऊ लागली.

तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात आजच्या सांगलीचा मोठा भाग होता आणि मधे मधे संस्थानं पेरलेली होती. कुंडलसारखं गाव औंध संस्थानात होतं. हद्द ओलांडली की राज्य बदलायचं. येडे मच्छिंद्रचे क्रांतिसिंह नाना पाटील १९४६ पर्यंत भूमिगत राहिले, पोलिसांच्या हाती लागले नाहीत. २४ जुलै १९४३ रोजी वसंतदादा पाटील साथीदारांसह सांगलीचा तुरुंग फोडून बाहेर पडले. सरकारी कागदात ही माणसं फरारी होती. त्यांच्यासाठी रात्री दार उघडणारी आणि भाकरी थापणारी बाई कायद्यानं गुन्हेगार ठरत होती, आणि तरी ती भाकरी थापत होती.

देवळानं प्रत्येकाला राखलं असंही नाही. इंग्रजांविरुद्ध बंड करणारे वासुदेव बळवंत फडके जुलै १८७९ मध्ये कलादगी जिल्ह्यातल्या देवर नावदगी इथं एका देवळात पडलेले असतानाच पकडले गेले.

साताऱ्याची भाकरी आणि नीसचा मठ यांना मात्र एका तागडीत घालता येत नाही. फ्रान्समधल्या नीस शहरातल्या एका कॅथलिक मठात २४ मे १९८९ रोजी पॉल तुव्हिए सापडला. नाझींना साथ देणाऱ्या मिलिशियाचा हा अधिकारी. जून १९४४ मध्ये लिऑंजवळ सात ज्यूंना गोळ्या घालण्यात आल्या, ते सातजण यानंच निवडले होते. त्यानंतरची कित्येक वर्षं त्यानं मठामठांतून काढली होती. लिऑंचे कार्डिनल देकुर्त्रे यांनी मग चर्चची दफ्तरं इतिहासकारांपुढं उघडली आणि रेने रेमाँ यांच्या समितीनं १९९२ मध्ये कुणी कुणी त्याला राखलं ते लिहून काढलं. १९९४ मध्ये तुव्हिएला जन्मठेप झाली.

त्याच १९९४ च्या एप्रिलमध्ये रवांडातल्या न्यांगे गावी सुमारे १,५०० तुत्सी माणसं, बायका आणि लेकरं चर्चमध्ये आसऱ्याला आली होती. ते चर्च बुलडोझर लावून त्यांच्या अंगावर पाडण्यात आलं. या संहारात सामील असलेला तिथला पाद्री आतानाझ सेरोंबा पुढं इटलीत, फ्लॉरेन्स भागातल्या चर्चमध्ये, नाव बदलून काम करत राहिला. २००२ मध्ये तो रवांडासाठीच्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणापुढं हजर झाला. आधी १५ वर्षांची शिक्षा झाली, २००८ मध्ये अपिलात ती जन्मठेप झाली. ज्यांनी वेदीपाशी आसरा मागितला ते ढिगाऱ्याखाली गेले, आणि ज्यानं तो मोडला त्याला दुसऱ्या देशातल्या वेदीपाशी तो मिळाला.

१ जुलै २०२४ पासून आपल्याकडे भारतीय न्याय संहिता लागू झाली. जुनं २१२ वं कलम आता २४९ वं आहे. परदेशात केलेला खूनही त्यात मोजला जातो. न्यांगेसारखं कृत्य करून कुणी कराडच्या किंवा मिरजेच्या एखाद्या प्रार्थनास्थळात येऊन राहिला, तर शिक्षेतून वाचवण्यासाठी त्याला जाणूनबुजून लपवणारा याच कलमाखाली येतो. सूट आजही नवरा-बायकोपुरतीच आहे.