रोलर कोस्टरमधील उभा फेरा : एका तांत्रिक समस्येचा इतिहास

प्रस्तावना :
मनोरंजन उद्यानांतील साधनांचा इतिहास सामान्यतः वाढती उंची व वाढता वेग यांचा इतिहास म्हणून मांडला जातो. वस्तुतः तो मानवी शरीराच्या सहनशक्तीची मर्यादा ओळखण्याचाही इतिहास आहे. प्रस्तुत निबंधात रोलर कोस्टरमधील उभा फेरा, म्हणजे गाडी प्रवाशांसह उलटी होऊन पुन्हा सरळ होते ते वळण, याच्या आधारे हा विचार मांडला आहे.

वर्तुळाकार फेऱ्याचे अपयश :
लामार्कस थॉम्प्सन याने १८८४ मध्ये न्यूयॉर्कमधील कोनी आयलंड येथे सुरू केलेली 'स्विचबॅक रेल्वे' ताशी सुमारे १० किलोमीटर वेगाने धावत असे. त्यानंतर अवघ्या ११ वर्षांत, १८९५ मध्ये, तेथेच वर्तुळाकार फेरा असलेली 'फ्लिप फ्लॅप' गाडी आली. तिच्यामुळे प्रवाशांच्या मानेला इजा होऊ लागली. याचे कारण फेऱ्याच्या आकारात होते. माथ्यावर गाडी रुळाला जेमतेम टेकून राहील एवढाच वेग ठेवला, तरी घर्षण वगळता तळाशी प्रवाशावर त्याच्या वजनाच्या सहापट भार येतो. आणि सरळ रुळावरून वर्तुळात शिरताच तो एकाएकी येतो. वर्तुळ लहान-मोठे करून हे प्रमाण बदलत नाही. १९०१ मध्ये एडविन प्रेस्कॉट याने 'लूप द लूप'मध्ये लंबवर्तुळाकार फेरा योजून हा त्रास कमी केला. परंतु एका वेळी चारच प्रवासी नेणारी ही गाडी फारशी किफायतशीर ठरली नाही.

लोहमार्गाच्या गणिताचे साहाय्य :
पुढे दोन सुधारणा महत्त्वाच्या ठरल्या. जॉन मिलर याने १९१९ मध्ये रुळाखालून पकड घेणाऱ्या चाकाचे पेटंट मिळविले. १९५९ मध्ये डिस्नेलँडच्या 'मॅटरहॉर्न'मध्ये पोलादी नळ्यांचे रूळ वापरले गेले. त्यामुळे रुळाला हवा तसा बाक देणे शक्य झाले. अखेर १९७६ मध्ये कॅलिफोर्नियातील मॅजिक माउंटन येथे 'रेव्होल्यूशन' उभारताना आंतोन श्वार्झकॉफ व वेर्नर स्टेंगल यांनी फेऱ्यासाठी क्लोथॉइड वक्र योजला. या वक्राची त्रिज्या तळाशी मोठी असते व माथ्याकडे क्रमाने लहान होत जाते. त्यामुळे भार हळूहळू वाढतो व सुसह्य राहतो. सरळ रुळावरून वळणावर गाडी अलगद नेण्यासाठी लोहमार्गाचे अभियंते अशा वक्राचा उपयोग पूर्वीपासूनच करीत होते.

निष्कर्ष :
१८९५ च्या रचनाकारांकडे कल्पकतेची वाण नव्हती. शरीरावर येणाऱ्या भाराचा हिशेब तेवढा राहून गेला होता. तो मांडला गेल्यानंतरच उभा फेरा स्थिरावला. प्रवाशाला भासणारे भय आणि त्याला असणारा धोका यांतील अंतर वाढविणे, हेच या तंत्रज्ञानाच्या प्रगतीचे खरे गमक म्हणता येईल.