फुलाचें रहस्य आणि स्पांडाउचा शाळामास्तर

जास्वंदीचें फूल हातांत घेऊन त्याचे अवयव मोजणें ही वनस्पतिशास्त्राची पहिली पायरी समजली जाते. बाहेर हिरवा पुष्पकोश, त्याच्या आंत पांच पाकळ्या, मध्यभागीं पुंकेसरांची एकत्र जुळून झालेली नळी, आणि त्या नळींतून वर डोकावणारीं स्त्रीकेसराचीं पांच टोकें. एवढें सांगतां आलें कीं विद्यार्थी उत्तीर्ण होतो. आम्ही स्वतः असेच उत्तीर्ण झालों आणि पुढें कित्येक वर्षें असेच विद्यार्थी उत्तीर्ण केले. एकदां एका मुलीनें गुलमोहराचें फूल पुढें करून विचारलें, "सर, याच्या चार पाकळ्या लाल, आणि पांचवीच तेवढी ठिपक्यांची कां?" आम्हीं तिला त्या पाकळीचें शास्त्रीय नांव सांगितलें. तिनें कारण विचारलें होतें. आम्हीं दिलें नांव!

ही खोड आमची एकट्याची नव्हे. युरोपांत फुलाचे अवयव ओळखले गेले, मोजले गेले, पण ते तसे कां आहेत हें विचारावयास फार काळ लागला. ट्यूबिंगेन येथील कामेरारियस यानें एरंडाच्या झाडावरील नरफुलें खुडून टाकलीं आणि मग बीज धरत नाहीं असें १६९४ सालीं प्रसिद्ध केलें. पराग म्हणजे निरुपयोगी धूळ नव्हे, एवढें त्यानें ठरलें. पुढें १७३५ सालीं लिनीअस यानें मुख्यतः पुंकेसरांच्या संख्येवरून सर्व वनस्पतींचे चोवीस वर्ग पाडले. ही व्यवस्था अत्यंत सोयीची होती. पण सोयीच्या व्यवस्थेनें जिज्ञासा झोंपी जाते, तसें येथेंहि थोडेंफार झालें.

बर्लिनजवळ स्पांडाउ म्हणून गांव होतें. तेथील शाळेचा मुख्याध्यापक ख्रिस्तियान कॉनराड स्प्रेंगेल हा वनस्पतिशास्त्राचा पंडित नव्हता. प्रकृतीच्या तक्रारीसाठीं वैद्यानें त्याला रानांत हिंडून वनस्पति पाहण्याचा सल्ला दिला होता. १७८७ च्या उन्हाळ्यांत जिरेनियमच्या एका रानटी जातीच्या पाकळीच्या बुडाशीं त्याला बारीक, मऊ लव दिसली. ती लव लिनीअसच्या कोणत्याहि मोजदादींत बसण्याजोगी नव्हती. पण स्प्रेंगेलला वाटलें कीं सृष्टिकर्त्यानें एक केसहि उगाच निर्माण केला नसावा. निरखून पाहतां त्याला दिसलें कीं लवेच्या खालीं मधाचे थेंब आहेत, आणि पावसाचें पाणी त्या लवेवरच अडून राहतें. भुंवईमुळें कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरत नाहीं, तसाच हा प्रकार.

मध राखावयाचा, तर तो कोणासाठीं? कीटकांसाठीं. मग कीटकांना वाट कशी सांपडते? दुसऱ्या वर्षीं फॉर्गेट-मी-नॉटच्या निळ्या फुलांत, नळीच्या तोंडाभोंवतीं त्याला पिवळें कडें दिसलें, आणि तें कडें म्हणजे मधाच्या वाटेवरची खूण होय असें त्यानें ठरविलें. एका उत्तरांतून दुसरा प्रश्न निघत गेला. एपिलोबियमच्या एकाच फुलांत पुंकेसर आधीं पिकतात आणि स्त्रीकेसर मागाहून. म्हणजे दोन्ही एकाच घरांत राहून एकमेकांना मुकतात! तेव्हां पराग दुसऱ्या फुलाचा यावयास हवा, आणि तो कीटकच आणणार. फुलानें स्वतःच्याच परागानें फलित व्हावें अशी निसर्गाची इच्छा दिसत नाहीं, असें या शाळामास्तरानें लिहून ठेविलें. पांच-सहा वर्षांच्या निरीक्षणांतून ४६१ जातींचें वर्णन आणि २५ चित्रपट असलेला त्याचा ग्रंथ १७९३ सालीं बर्लिन येथें निघाला.

ग्रंथाला वाचक मिळाले नाहींत. पुढच्याच वर्षीं स्प्रेंगेलची नोकरीहि गेली. शाळेच्या वरिष्ठांशीं त्याचें पूर्वींपासूनच पटत नव्हतें, आणि रानांतल्या फुलांपायीं तो कर्तव्यांत कसूर करतो अशी तक्रार होती. ती अगदींच खोटी असेल असें आम्हांस वाटत नाहीं. पहांटेपासून एका फुलासमोर बसणारा मनुष्य घंटेबरोबर वर्गांत हजर राहणें कठीणच. जुजबी निवृत्तिवेतनावर तो बर्लिनला राहिला, शिकवण्या करी, आणि रविवारीं थोडें शुल्क घेऊन लोकांना रानांत फुलें दाखवावयास नेई. ग्रंथाचा दुसरा भाग छापलाच गेला नाहीं. १८१६ सालीं तो वारला.

त्याचें पुस्तक १८४१ सालीं, म्हणजे अठ्ठेचाळीस वर्षांनीं, रॉबर्ट ब्राउन याच्या सल्ल्यावरून चार्ल्स डार्विननें मिळवून वाचलें. स्प्रेंगेलनें एक प्रश्न सोडून दिला होता: परक्या परागापासून फुलाचा लाभ काय? सृष्टिकर्त्याची योजना म्हटल्यावर तो पुढें गेला नाहीं. डार्विननें रोपें वाढवून, पिढ्यान्‌पिढ्या मापें घेऊन, १८७६ सालीं उत्तर दिलें: परपरागापासून झालेली संतति बहुधा अधिक उंच व अधिक फलदायी निघते. पण फुलाची रचना वाचावयाची कशी, हें मात्र तो शाळामास्तराकडूनच शिकला होता. १८६२ सालीं मादागास्करचें एक ऑर्किड त्याच्या हातीं आलें. त्याची मधाची नळी सुमारें फूटभर लांब, आणि मध फक्त तळाशीं. एवढ्या लांब सोंडेचा पतंग त्या बेटांत असलाच पाहिजे, असें त्यानें लिहिलें. असा पतंग तेथें सांपडून त्याला नांव मिळालें तें १९०३ सालीं. डार्विनला जाऊन तेव्हां एकवीस वर्षें झालीं होतीं.

गुलमोहरहि मूळचा मादागास्करचाच. त्याची ती पांचवी पाकळी स्प्रेंगेलच्या हातीं पडती, तर त्यानें आधीं तिचे ठिपके कोणत्या दिशेनें ओढ घेतात तें पाहिलें असतें, आणि मग झाडाखालीं दिवसभर ठाण मांडून तेथें कोण येतें जातें तें पाहिलें असतें. त्या मुलीला आम्ही त्याच झाडाखालीं पाठवावयास हवें होतें. तास संपल्याची घंटा झाली आणि तें राहून गेलें.