मेंदूचे दोन गोलार्ध आणि एक समजूत

डावा मेंदू तर्काचा, उजवा कल्पनेचा; आणि प्रत्येक माणूस यांपैकी एका बाजूचा, ही समजूत रूढ आहे. तिचा उगम आपण तपासला पाहिजे.

१८६१ साली पॅरिसमध्ये पॉल ब्रोका यांना वाचा गमावलेल्या रुग्णाच्या मेंदूत डाव्या बाजूस इजा आढळली. पुढे अमेरिकेत रॉजर स्पेरी यांनी अपस्मारावरील उपचारार्थ दोन्ही गोलार्धांना जोडणारे तंतू छेदलेल्या रुग्णांचा अभ्यास केला. १९८१ साली त्यांना नोबेल पारितोषिक लाभले. विभागणी सिद्ध झाली ती कार्यांची, माणसांची नव्हे. २०१३ साली युटा विद्यापीठातील संशोधकांनी १,०११ व्यक्तींच्या मेंदूंच्या प्रतिमा तपासल्या. माणसांचे असे दोन प्रकार त्यांना आढळले नाहीत.

म्हणून ‘गणित तुझ्या मेंदूत नाही’ असे मुलाला सांगणे म्हणजे त्याची मर्यादा जन्मतःच ठरविणे होय, असे आम्ही मानतो.